आकार गेलेलं औषध

पौडला विहाराच्या मागच्या गल्लीत वाल्मीकराव राहतात. आता त्यांची सकाळची साखर एकशे तीसच्या आगेमागे असते, अंगावर पुन्हा थोडं मांस चढलंय, आणि मे महिन्यात घरात जे झालं ते रत्नाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगतात. त्या वेळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

वाल्मीकराव तहसील कचेरीत शिपाई होते. सत्तावीस वर्षं त्यांच्याकडे पाऊस मोजायचं काम होतं. पावसाळ्यात रोज सकाळी आठ वाजता आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि वर कळवायचा. मुळशीचा पाऊस, जुलैत एकेका सकाळी ते माप कितीदा तरी भरायचं. एकदा माप हातातून निसटलं आणि पाणी सांडलं. अंदाजानं आकडा टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. यांनी वहीत लिहिलं, 'पाणी सांडले, मोजले नाही', आणि खाली सही केली. साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हा म्हणाले, "मोजलंच न्हाई तर आकडा कुटनं आनू?" कचेरीतले लोक पुढं बरीच वर्षं हे एकमेकांना ऐकवत.

त्यांची एकुलती एक मुलगी स्नेहल, एकोणतीस वर्षांची. पुण्यात एम.एस्सी. करून ती हिंजवडीतल्या एका औषध कंपनीत लागली. रोज सकाळी स्कूटर काढायची आणि पिरंगुट, लवळे, नांदे करत कामावर जायचं. कंपनीत इन्सुलिन बनतं, आणि स्नेहल ज्या विभागात आहे तिथं त्याला आकार येतो.

हा आकार म्हणजे काय, हे घरी समजावून सांगायला तिला पहिलं वर्षभर तरी लागलं. इन्सुलिन हे एक प्रथिन. प्रथिन म्हणजे मुळात मण्यामण्यांची लांब साखळी. पण नुसत्या साखळीचा काही उपयोग नसतो. ती स्वतःभोवती वळते, दुमडते. काही मण्यांना पाणी सोसत नाही, ते अंग चोरून आत शिरतात. काहींना पाणी आवडतं, ते बाहेर राहतात. साखळीवर एकमेकांपासून लांब असलेले दोन मणी जवळ येतात आणि घट्ट धरून बसतात. असं करत एक ठराविक आकार तयार होतो, आणि तो आला तरच औषध काम करतं. कंपनीत ही साखळी जिवाणूंकडून बनवून घेतात. ते ती इतक्या घाईनं बनवतात की साखळ्या एकमेकींत अडकून गोळे होतात. मग ते गोळे रसायनात विरघळवून साखळ्या सुट्या करायच्या आणि थंडगार पाण्याच्या मोठ्या टाकीत अगदी हळूहळू सोडायच्या, म्हणजे प्रत्येकीला आपापलं वळायला जागा मिळते. पुढं त्यातला नको तो तुकडा कापून काढला की झालं इन्सुलिन. टाकीत सोडताना घाई केली तर पुन्हा गोळे होतात आणि नितळ पाणी दुधाळ होतं. स्नेहल त्या टाकीवर असते. तापमान बघते, धार बघते, मधूनमधून नमुना काढून तपासायला पाठवते.

"म्हंजी उभं ऱ्हायाचं आन पानी बगायचं," रत्नाबाई म्हणाल्या होत्या. 

वाल्मीकराव चार वर्षांपासून इन्सुलिनवर होते. सकाळी अठरा युनिट, संध्याकाळी दहा. सुई स्वतःच टोचून घ्यायचे. रोजची तारीख, उपाशीपोटीची साखर, किती युनिट घेतले, सगळं वहीत लिहायचे. कचेरीची सवय सुटली नव्हती. त्यांचं पथ्य इतकं सांभाळलेलं की गल्लीत कुणाला साखर निघाली तर लोक त्यांनाच विचारायला यायचे.

एप्रिलमध्ये उन्हाळा फार तापला. चौदा तारखेच्या जयंतीच्या आदल्या दिवशी वीज गेली ती रात्रीच आली. स्नेहल कामावरून आली, तर फ्रीजमधलं पाणी कोमट झालेलं आणि दाराच्या कप्प्यात इन्सुलिनच्या तीन नव्या बाटल्यांचं खोकं तसंच.  उष्णतेनं प्रथिनाचं काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. वीज आल्याबरोबर तिनं फ्रीजचा थंडाव्याचा खटका शेवटच्या आकड्यावर नेला आणि खोकं उचलून आत, बर्फाच्या कप्प्याला अगदी चिकटून ठेवलं. चालू असलेली बाटली वाल्मीकराव खोलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत. ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून जयंतीची गडबड होती. दोन दिवसांनी दुधाच्या पिशवीत बर्फ झाला, मेथी काळी पडली, तेव्हा रत्नाबाईंनी खटका मागं आणला आणि खोकं पुन्हा दारात लावलं. बाटल्या बंद खोक्यातच होत्या, उघडून कुणी पाहिल्या नाहीत. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही.

चार-पाच दिवसांनी वाल्मीकरावांची साखर दोनशे चौदा आली. मग दोनशे अडुसष्ट. आठवड्यात तीनशेच्या पुढं.

रत्नाबाईंना वाटलं यंत्र बिघडलं असेल. स्नेहलनं दुसरं यंत्र आणलं, त्यातही तोच आकडा. गावातल्या डॉक्टर निषाद यांच्याकडे नेलं. डॉक्टर तरुण, पण माणूस शांत आणि नीट विचारपूस करणारा. त्यांनी खाणंपिणं विचारलं, लघवी तपासली, पाय बघितले, आणि डोस वाढवला. सकाळी बावीस, संध्याकाळी चौदा. साखर थोडी खाली आली आणि पुन्हा चढली.

वाल्मीकराव वाळायला लागले. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती मोकळी दिसायला लागली. रात्रीत चार-पाचदा उठायचे, घटाघटा पाणी प्यायचे. दुसऱ्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी स्नेहलला बाजूला घेतलं. या वयात साखर अशी एकाएकी हाताबाहेर गेली आणि वजनही उतरत असलं, तर स्वादुपिंडात काही झालंय का ते बघायला हवं, असं त्यांनी सांगितलं. घाबरून जाऊ नका म्हणाले, पण पंधरा दिवसांत खाली आली नाही तर पुण्याला नेऊन पोटाचं स्कॅनिंग करून घ्या. चिठ्ठीही लिहून दिली.

ती चिठ्ठी स्नेहलनं पर्समध्ये ठेवली आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर ती जशी वागली त्याचं कारण या चिठ्ठीत होतं, असं ती आता कबूल करते. आबा चोरून गोड खात असावेत, असं तिला मनापासून वाटायला लागलं. खात असतील तर बरं, कारण खात नसतील तर मग ते दुसरं. म्हणून ती पुरावा शोधायला लागली. एस. टी. स्टँडजवळच्या टपरीवर जाऊन तिनं विचारलं, आबा इथं कसला चहा घेतात. टपरीवाला म्हणाला, बिनसाखरेचा. तिला वाटलं, हा त्यांना सांभाळून घेतोय. घरी साखरेच्या बरणीवर तिनं बाहेरून पेनानं रेघ मारली, किती खाली जाते ते बघायला. गुळाच्या डब्याचं झाकण ठरावीक बाजूनं लावून ठेवायला लागली.

ती रेघ वाल्मीकरावांनी पाहिली. बरणी फिरवून पुन्हा फळीवर ठेवली. रत्नाबाई मात्र चिडल्या. लेकीला म्हणाल्या की चाळीस वर्षं मी या माणसाबरोबर आहे, खाल्लं असतं तर खाल्लं म्हणाले असते. पण हळूहळू त्यांनाही कळेना. घरात तर काही गोड होत नव्हतं. मग साखर येते कुठून?

बुद्धपौर्णिमेला सगळे विहारात गेले. वंदना झाली, पंचशील म्हणून झालं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन हे चौथं शील वाल्मीकराव नेहमीसारखं खणखणीत आवाजात म्हणाले. नंतर खीर वाटायला सुरुवात झाली. स्नेहल बायकांच्या रांगेत वाटप करत होती. मान वर केली तर समोर आबा खिरीची वाटी दोन्ही हातांत धरून भिंतीकडे निघालेले.

ती पुढं गेली आणि त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली.

"आबा, निदान इथं तरी खोटं वागू नका," ती म्हणाली. ती ओरडली नाही, पण तेवढ्यात आसपासचे लोक गप्प झाले होते, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

 वाल्मीकरावांचे हात अजून वाटी धरल्यासारखेच होते. मग म्हणाले, "नथूबाबाला देत व्हतो."

भिंतीला टेकून नथूबाबा बसले होते. ऐंशी वर्षांचा म्हातारा, गुडघे गेलेले, त्यांना रांगेत येता येत नव्हतं. त्यांनी हात पुढं केलेला होता. स्नेहलनं वाटी त्यांच्या हातात दिली. माफी मागायला हवी होती, पण तिनं मागितली नाही. तिला वाटलं, आज नथूबाबाला देत असतील, रोजचं काय?

त्या दिवसानंतर वाल्मीकराव विहारात गेले नाहीत, स्टँडवरही गेले नाहीत. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. डॉक्टरांनी डोस आणखी वाढवला, सकाळी अठ्ठावीस आणि संध्याकाळी अठरा, तो निमूटपणे घ्यायला लागले. आणि आपलं खाणं त्यांनी आपणच निम्म्यावर आणलं. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. रत्नाबाई ताटात वाढायच्या, ते बाजूला काढायचे. म्हणायचे, आता बगा म्हनावं.

मग तो रविवार आला. रत्नाबाई सकाळच्या गाडीनं नांद्याला बहिणीकडे गेल्या होत्या. खोक्यातली तिसरी बाटली संपत आली होती, तळाशी पुरेसं उरलं नव्हतं, म्हणून वाल्मीकरावांनी आदल्या दिवशीच मेडिकलमधून आणलेली नवी बाटली फोडली. अठ्ठावीस युनिट घेतले. अर्धी भाकरी आणि दोडक्याची भाजी खाल्ली आणि ओट्यावर जाऊन बसले. स्नेहल आत कपडे भिजवत होती.

अकराच्या सुमाराला तिला त्यांचा आवाज ऐकू आला.

"एकशे बारा," ते म्हणत होते.

ती बाहेर आली. काय एकशे बारा, असं विचारलं.

"मिलिमीटर. फोन लाव. आट वाजून गेले."

बाहेर ऊन असं होतं की समोरच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. वाल्मीकरावांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता आणि हात थरथरत होते. ऊन लागलं असेल म्हणून तिनं कपाळाला हात लावला, तर कपाळ थंडगार. मग ती आत पळाली, यंत्र आणलं, त्यांच्या बोटाला सुई लावली. आकडा आला एक्केचाळीस.

पाच आठवडे सगळं घर जास्त साखरेशी झगडत होतं. आता ती इतकी उतरली होती की आणखी थोडा वेळ गेला असता तर माणूस बेशुद्ध पडला असता. काय करायचं ते स्नेहलला माहीत होतं. तिनं पेल्यात पाणी घेतलं, तीन चमचे साखर ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांशी धरला.

वाल्मीकरावांनी तोंड घट्ट मिटलं आणि मान वळवली.

"न्हाई. मी साखर खात न्हाई."

"आबा, हे औषध आहे. घ्या."

"न्हाई म्हनलं ना. नथूबाबाला इचार. मी खात न्हाई." त्यांची जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते. "स्नेहल रागावंल."

 स्नेहल त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"आबा, मीच स्नेहल. मी नाही रागावणार. मी म्हणतेय, प्या."

ते तिच्याकडे बघत राहिले. ओळखलं की नाही कोण जाणे, पण ओठ उघडले. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. तिनं मोबाइलवर वेळ लावली. पंधरा मिनिटांनी साखर अठ्ठावन्न. पुन्हा एक पेला. आणखी पंधरा मिनिटांनी ब्याऐंशी. घाम थांबला होता आणि डोळ्यांत नजर परत आली होती.

त्यांनी जिभेनं ओठ चाचपले.

"त्वांड ग्वाड का लागतंय?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना तिच्याकडे असं बघितलं, जणू काही चोरी सापडली.

"मी दिली साखर," स्नेहल म्हणाली. "मी दिली, आबा." आणि ओट्यावरच, त्यांच्या पायांशी, ती पोटभर रडली. वाल्मीकरावांना काही कळेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवायला काय हाय म्हणून विचारलं. खरोखरच त्यांना भूक लागली होती. ती भाकरी आणि ताक घेऊन आली. पूर्ण भाकरी त्यांनी संपवली.

फोनवर डॉक्टर म्हणाले की घेऊन या, दोन-तीन तास इथंच नजरेखाली ठेवू. दवाखान्यात वाल्मीकरावांना आत कॉटवर झोपवलं. दर अर्ध्या तासानं साखर बघितली, आणखी थोडं खायला दिलं. डॉक्टरांना नवल वाटत होतं. काल संध्याकाळपर्यंत तीनशेच्या घरात असलेला माणूस आज एक्केचाळीसवर कसा आला? कमी जेवला म्हणावं, तर कमी आठवडाभर जेवतोय. त्यांनी विचारलं, रोजच्याएवढेच युनिट घेतले ना?

"अट्टावीसच," वाल्मीकराव पडल्या पडल्या म्हणाले. "पन बाटली नवी व्हती. लिवलंय."

त्यांनी वही बरोबर आणली होती. डॉक्टरांना दाखवायची म्हणून ती नेहमीच बरोबर असायची. स्नेहलनं ती उघडली. आजच्या तारखेपुढं साखर, युनिट, आणि पुढं बारीक अक्षरात 'नवी बाटली'. पूर्वी मापाची काच बदलली की ते वहीत तसं लिहायचे. घरीही बाटली बदलली की लिहीत होते. आजवर हे तिनं नीट वाचलंच नव्हतं. ती पानं मागं उलटत गेली. बावीस मे आलं, तेरा मे आलं. एप्रिलच्या मध्यावर येऊन तिचं बोट थांबलं. एकोणीस एप्रिल, एकशे बत्तीस, 'नवी बाटली'. वीस एप्रिल, दोनशे चौदा. एकवीस एप्रिल, दोनशे अडुसष्ट. त्याच्या आधी चार वर्षं एकही आकडा दोनशेच्या वर नव्हता.

एकोणीस एप्रिलला फोडलेली बाटली त्या खोक्यातली पहिली होती. आज नवी फोडली तोवर त्या खोक्यातल्या तीनही संपल्या होत्या. आणि खोकं बर्फाला चिकटवून ठेवलं होतं ते तिनंच.

ती उठली, घरी गेली, आणि दोन बाटल्या घेऊन आली. एक आजची, आणि एक जुनी, तळाशी थोडं उरलेली. वाल्मीकरावांनी ती टाकली नव्हती. तिनं डॉक्टरांच्या टेबलाशी उभं राहून नवी बाटली दोन्ही तळव्यांत हळूच घोळवली. आतलं औषध एकसारखं दुधासारखं झालं, तसं ते व्हायचंच असतं. मग जुनी घोळवली. काचेला आतून पांढरे कण चिकटून राहिले, तळाशी भुरभुरीत चुऱ्यासारखं काहीतरी फिरत राहिलं. कितीही घोळवलं तरी ते मिसळेना.

"हे गोठलं होतं," स्नेहल म्हणाली. "एप्रिलमध्ये, फ्रीजमध्ये. मी ठेवलं होतं. मला वाटलं उन्हानं खराब होईल."

डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितली. मग मोठा श्वास सोडून खुर्चीत मागं टेकले. स्नेहलच्या लक्षात आलं की गेले पंधरा दिवस त्यांच्याही जिवाला घोर होता.

कॉटवरून वाल्मीकरावांनी विचारलं, काय झालं. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पाण्याचा बर्फ होताना त्यात प्रथिनाला जागा उरत नाही. ते उरल्यासुरल्या पाण्यात एकावर एक दाटतं, त्याची वळलेली अंगं विस्कटतात, आत लपलेले भाग उघडे पडतात आणि शेजारच्याला जाऊन चिकटतात. बर्फ वितळला तरी गेलेला आकार परत येत नाही. बाटली मात्र वरवर पहिल्यासारखीच दिसते, घोळवून उजेडात नीट निरखली तरच कळतं. पाच आठवडे आबा जवळजवळ मेलेलं औषध टोचून घेत होते. म्हणून साखर चढत गेली, म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला. आणि आज जिवंत औषध आल्यावर तोच वाढलेला डोस अंगावर आला. कंपनीत ती रोज हा आकार यायची वाट बघत उभी असते. पण एकदा बाटलीत भरलं की ते झालंच, असं ती धरून चालली होती. खोक्यावर बारीक अक्षरात सूचनाही होती, गोठू देऊ नका. तिनं ती वाचली नव्हती.

"म्हंजी मला दुसरं काय झालेलं न्हाई," वाल्मीकराव म्हणाले.

"नाही, आबा."

"आन मी खाल्लं बी न्हवतं."

"नव्हतं."

वाल्मीकरावांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "तू मला खोटा म्हनलीस, त्याचं लई वाईट वाटलं. आता न्हाई वाटत." आणि कूस बदलून दहा मिनिटांत झोपले. डॉक्टरांनी जुना डोस लिहून दिला, अठरा आणि दहा, आठवडाभर दिवसातून चारदा साखर बघायला सांगितली आणि स्कॅनिंगची चिठ्ठी स्नेहलकडून परत मागून घेतली. तूर्त नको म्हणाले, ती फाडून टोपलीत टाकली. ती कशाची चिठ्ठी होती हे वाल्मीकरावांना महिन्याभरानं कळलं.

संध्याकाळी रत्नाबाई नांद्याहून आल्या. दारातच त्यांनी सगळं ऐकलं, उंबऱ्यावर बसल्या, आणि बसल्या बसल्या आधी लेकीला दोन शब्द सुनावले, मग नवऱ्याला, अर्ध्या भाकरीवर राहिल्याबद्दल. मग उठून त्यांनी साखरेची बरणी घेतली आणि राख लावून त्यावरची पेनाची रेघ घासून काढली. पिठलं-भाकरी केली. तिघंही त्या रात्री लवकर झोपले आणि वाल्मीकराव एकदाच उठले.

तीन दिवसांत साखर दोनशेच्या खाली आली, आठवड्यात एकशे चाळीसवर. स्नेहल दुपारच्या सुट्टीत घरी फोन लावायची आणि रत्नाबाई हॅलो न म्हणताच आकडा सांगायच्या. एकदा तो ऐकताना ती टाकीजवळच्या काचेबाहेर उभी होती. आत पाणी नितळ होतं. फोन ठेवून ती शेजारच्या बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. सहकाऱ्यांना वाटलं, घरी काही वाईट घडलं.

पुढच्या रविवारी विहारात वंदना संपल्यावर स्नेहल उभी राहिली. पौर्णिमेला आपण आबांना सगळ्यांसमोर बोललो ते चुकीचं होतं, असं तिनं सांगितलं. आबांनी काही खाल्लं नव्हतं, औषध बिघडलं होतं आणि ते आपल्याच हातानं बिघडलं होतं.  वाल्मीकरावांना फार अवघडल्यासारखं झालं. ते सतरंजीची दशी ओढत खाली बघत बसले. नथूबाबांना अर्धंच ऐकू गेलं होतं. ते शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, "मी तवाच सांगितलं व्हतं, खीर माझी व्हती." सगळे हसले. वाल्मीकरावही हसले. त्यानंतर चार-पाच जणांनी स्नेहलला गाठून आपापल्या घरी बाटल्या कुठं ठेवल्यात ते सांगितलं. दोघांच्या बर्फाच्या कप्प्याखाली निघाल्या.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून वाल्मीकरावांनी तिला विचारलं, ही जी घडी पडते म्हणतेस, ती केवढी असते? एका मिलिमीटरात किती बसतील?

स्नेहलनं मनाशी हिशोब केला. "एकाला एक लावून ठेवली तर तीन लाख. जरा जास्तच."

"एका मिलिमीटरात?"

"हो."

सत्तावीस वर्षं मिलिमीटर मोजलेला माणूस, पण त्याच्या आत एवढं मावत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मधल्या फटीकडे एक डोळा मिटून बघितलं. मग विचारलं, एवढ्या बारीक गोष्टीला दुमडतं कोण? कुणी नाही, स्नेहल म्हणाली, कुठं वळायचं ते मण्यांच्या क्रमातच असतं, आम्ही फक्त जागा देतो आणि थंड ठेवतो. "गोठू देत न्हाई," वाल्मीकराव म्हणाले. ती हसली आणि हो म्हणाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नांद्याच्या मावशीकडे नातवाचं बारसं होतं. वाल्मीकराव आणि रत्नाबाई सकाळीच गेले. कामावरून परतताना वाटेवरच घर म्हणून स्नेहल तिथं थांबली. पाहुणे पांगले होते. मावशीच्या अंगणाला लागून पूर्वी ज्वारीचं रान होतं, तिथं आता अकरा मजल्यांची इमारत उभी आहे. तिची सावली अंगणभर पसरली होती. त्या सावलीत बाजेवर वाल्मीकराव झोपले होते, तोंड थोडं उघडं, एक हात छातीवर. रत्नाबाई शेजारी बसून पाहुण्यांनी आणलेली टोपडी-झबली निवडत होत्या.

त्यांनी लेकीला खुणेनंच सांगितलं, हळू बोल. मग कुजबुजल्या, "दोन भाकऱ्या, पिटलं आन काकडी. दुपारच्याला बगितली, एकशे पस्तीस."

निघायला उशीर होईल का, असं स्नेहलनं विचारलं. उठवू नगं, रत्नाबाई म्हणाल्या. स्नेहलनं हेल्मेट खाली ठेवलं, चपला काढल्या आणि बाजेच्या पायथ्याशी उरलेल्या जागेत ती टेकली. बाळ आत कुठंतरी कुरकुरत होतं आणि मावशी त्याला जोजवत होती. घाई कसलीच नव्हती.